सासूबाईंचा कारल्याचा पेला

वेंगुर्ले तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे, थोडं आटोपशीर करून देतो:

"आमच्या परसात मृगाला लावलेले कारल्याचे तीन वेल आहेत. सासूबाई ६८ वर्षांच्या, नऊ वर्षांपासून शुगर आहे. सकाळी नाश्त्याआधी ग्लिमेपिराइड आणि दिवसातून दोनदा मेटफॉर्मिन घेतात. शेजारच्या काकींनी सांगितल्यापासून महिनाभर रोज उपाशीपोटी पेलाभर कारल्याचा रस चालू आहे. कडूपणा मरावा म्हणून कधीकधी त्यात दुधी घालतात. गेल्या पंधरवड्यात दोनदा सकाळी नऊच्या सुमारास त्यांचे हातपाय कापले, दरदरून घाम सुटला. त्या म्हणतात, रस लागू पडतोय, आता गोळ्या सोडते. रस किती घ्यावा? बिया काढायच्या का? तळपायांची आग होते म्हणून त्या पानांचा रस चोळतात, आणि तोच चार वर्षांच्या नातवाला जंतांवर पाजायचं त्यांच्या मनात आहे. आणखी एक. वेलाला फुलं खूप, पण कारली बोटभर झाली की पिवळी पडून गळतात. कापली तर आत अळ्या. आंब्याला लावतो तो सापळा टांगून पाहिला, उपयोग नाही."

ताई, वेलाचं नंतर पाहू. उद्या सकाळचा पेला आधी बंद करा.

हातपाय कापणं आणि घाम सुटणं, तेही सकाळच्या गोळीनंतर नऊच्या सुमारास, म्हणजे बहुधा रक्तातली साखर खाली गेली. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाकडून इन्शुलिन सोडवून घेते. तुम्ही जेवलात की नाही हे ती बघत नाही. म्हणून ही गोळी घेतली की लगेच खायचं असतं. सासूबाईंच्या बाबतीत गोळी पोटात, वर पेलाभर कडू रस, त्याने भूक मेलेली आणि पेज किंवा भाकरी बहुधा नऊ-साडेनऊवर गेलेली. रसाने स्वतः साखर किती उतरवली आणि उशिरा खाल्ल्याने किती उतरली हे वेगळं काढता येणार नाही, पण दोन्ही एकाच दिशेला ओढतात. नुसत्या मेटफॉर्मिनवर असं सहसा होत नाही, ग्लिमेपिराइडवर होतं. याला "लागू पडणं" म्हणायचं तर विहिरीत पडलेल्याला तहान भागली म्हणायला हवं.

पुन्हा तसं झालं तर ग्लुकोमीटरने लगेच साखर मोजा. ७० पेक्षा कमी आली, किंवा यंत्रच घरात नसेल, तर तीन-चार सपाट चहाचे चमचे साखर, म्हणजे साधारण १५ ग्रॅम, अर्ध्या पेल्या पाण्यात विरघळवून प्यायला द्या. १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. अजून कमीच असेल तर तेवढीच साखर पुन्हा. बरं वाटलं की पेज किंवा भाकरी खायला द्या, नाहीतर तासाभरात साखर पुन्हा उतरते. माणूस गुंगीत असेल किंवा गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा. साखरेचा डबा आणि मापाचा चमचा त्यांच्या खाटेजवळ ठेवला तर पहाटेची धावपळ वाचेल.

गोळ्या मात्र त्यांनी स्वतःच्या मनाने सोडायच्या नाहीत. दोन वेळा झालेला त्रास, त्या दिवशी गोळी किती वाजता घेतली, रस किती, खाल्लं किती वाजता, हे सगळं एका कागदावर लिहून डॉक्टरांकडे न्या. कदाचित ते ग्लिमेपिराइडची मात्रा कमी करतील. रसाचं लपवू नका. रस चालू असताना मात्रा ठरली आणि नंतर वेल वाळला, तर पुढचं सगळं गणित चुकतं.

आता दुधी. कारल्याच्या रसात दुधी घालणं ही पेल्यातली सर्वांत वाईट गोष्ट आहे, आणि त्याचं कारण चवीत आहे. एखादा दुधी कडू निघतो. तो कडूपणा क्युकरबिटासिन नावाच्या विषारी द्रव्याचा असतो. तशा रसाने उलट्या, रक्ताच्या उलट्या, जुलाब, रक्तदाब एकदम उतरणं असे प्रकार होतात, आणि माणसं दगावलीही आहेत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या तज्ज्ञ समितीने २०११ मध्ये हेच बजावलं: कडू लागला तर तो रस टाकून द्या, आणि दुधीचा रस दुसऱ्या कुठल्या रसात मिसळू नका. कारलं मुळातच कडू, त्यामुळे दुधी कडू आहे हे जिभेला कळणारच नाही. कडूपणा मरावा म्हणून दुधी घातला, आणि नेमकी धोक्याची घंटाच कारल्याने बांधून टाकली. दुधीची भाजी करायची असली तरी आधी कच्ची चकती जिभेला लावून पाहावी, कडू लागली तर थुंकून चूळ भरावी आणि अख्खा दुधी उकिरड्यात टाकावा.

कारल्याने साखर उतरते का? थोडीफार, काही लोकांत, आणि गोळीपेक्षा कमी. फळात चॅरँटिन, इन्शुलिनसारखं वागणारं एक प्रथिन आणि व्हिसिन ही द्रव्यं आहेत, त्यांचा परिणाम प्राण्यांवर दिसला आहे. माणसांवरची गोष्ट फिकी आहे. कॉक्रेन ही संस्था एका विषयावरच्या चाचण्या एकत्र तपासते; तिच्या २०१२ च्या आढाव्यात चार चाचण्या, एकूण ४७९ माणसं धरली होती. त्यात बनावट गोळीपेक्षा कारलं ठळकपणे सरस ठरलं नाही. २०११ मध्ये थायलंडमधल्या नव्या रुग्णांना चार आठवडे रोज २००० मिलिग्रॅम सुकं कारलं दिलं तेव्हा साखर उतरली, पण १००० मिलिग्रॅम मेटफॉर्मिनने ती त्याहून जास्त उतरली. अर्ध्या वजनाच्या गोळीने जास्त काम केलं. शिवाय त्या चाचणीतल्या कारल्याचं वजन ठरलेलं होतं. सासूबाईंच्या पेल्याचं कोण मोजतं?

घरगुती रसाची खरी अडचण इथे आहे. एकाच वेलाची दोन कारली सारखी नसतात. कोवळं, गर्द हिरवं, काटेरी कारलं जास्त कडू, पिकायला लागलेलं कमी. पांढरट जातींची चव आणखी सौम्य. आज चार कारली किसली, उद्या दोन, परवा पाणी जास्त घातलं. म्हणजे औषधाची मात्रा रोज बदलली आणि गोळी तेवढीच राहिली. आयुर्वेदातही स्वरसाची, म्हणजे ताज्या रसाची, जुनी मात्रा अर्धा पल, म्हणजे दोन तोळे, आजच्या मापात साधारण २४ मिली. तीही वैद्याने नाडी बघून, ठरावीक दिवसांसाठी द्यायची. आपल्याकडचा पाणी प्यायचा पेला दोनशे मिलीचा असतो. आठपट झाली की नाही?

"रस किती घ्यावा" याचं तुमच्यापुरतं उत्तर म्हणून सरळ आहे: ग्लिमेपिराइड किंवा इन्शुलिन चालू आहे तोवर अजिबात नाही.

बियांचंही सांगतो. व्हिसिन बियांत जास्त असतं. ज्यांच्या रक्तात जी-६-पीडी हे विकर (एन्झाइम) जन्मतः कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी त्याने फुटू शकतात, लघवी चहासारखी गडद होते. हा दोष आपल्याला आहे हे अनेकांना माहीतही नसतं. कोवळ्या कारल्यातल्या मऊ पांढऱ्या बिया भाजीत आल्या तर एवढं घाबरायला नको. टणक, भुरकट बिया मात्र काढाव्यात, मग त्या रसात असोत, भाजीत असोत की चूर्णात. घरात कुणी गरोदर असेल तर तिला रस, बिया, पानांचा काढा यातलं काहीही नको. कुणाचं ऑपरेशन ठरलं असेल तर निदान दोन आठवडे आधी असले रस-चूर्ण बंद करून भूल देणाऱ्या डॉक्टरांना तसं सांगावं.

मग कारलं खायचं कसं? भाजी म्हणून. आठवड्यातून दोन-तीनदा, एका माणसाला वीतभर लांबीचं एक कारलं, म्हणजे कच्चं वजन ८० ते १०० ग्रॅम. यात चोथा राहतो (रस गाळला की तोच जातो), उष्मांक जेमतेम, आणि भाकरीबरोबर गेल्यामुळे पोट रिकामं नसतं. या मापाच्या भाजीने साखर एकदम कोसळण्याची भीती फारशी नाही. तरी पहिले आठ-दहा दिवस जेवणानंतर दोन तासांनी मोजून वहीत लिहावं.

बिघडतं ते करण्याच्या पद्धतीत. पाव किलो कारल्यांना अर्धी वाटी गूळ घालायचा आणि "शुगरवर भाजी केली" म्हणायचं, हे बऱ्याच घरांत चालतं. अर्धी वाटी गूळ म्हणजे सत्तर-ऐंशी ग्रॅम साखरच. दुसरी चूक म्हणजे काचऱ्या लालभडक तळणं: कुरकुरीत छान होतात, पण वाटीभर तेल पितात. तिसरी, मीठ लावून दोन-तीन तास ठेवून कारली धुण्यासारखी पिळून काढणं. कडू पाण्याबरोबर क जीवनसत्त्व आणि जे काही हवं होतं तेही मोरीत जातं, वर मीठ आत मुरतं. सासूबाईंना रक्तदाबही असेल तर ते नडेल.

असं करा. पाव किलो कारली धुऊन, साल न खरवडता, उभी चिरून टणक बिया काढा आणि दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या चकत्या करा. त्यांना अर्धा चमचा मीठ चोळून १५ मिनिटं ठेवा. मुठीत एकदाच हलकं दाबा, बस्स. कढईत दोन चमचे खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेल, मोहरी, हिंग, मोठा कांदा उभा चिरून. कांदा गुलाबी झाला की कारली घाला आणि झाकण न ठेवता मध्यम आचेवर दहा मिनिटं परता. झाकण ठेवलं की वाफेने लगदा होतो आणि कडूपणा सगळीकडे पसरतो. मग पाव वाटी पाण्यात भिजवलेली चार-पाच आमसुलं, हळद, तिखट, आणि पाणी आटेपर्यंत पाच मिनिटं. उतरवताना दोन मोठे चमचे ओलं खोबरं. गूळ हवाच असेल तर सुपारीएवढा खडा. आमसुलाचा आंबटपणा आणि खोबऱ्याचा स्निग्धपणा कडू चव जिभेवर फार रेंगाळू देत नाही, ते काम गुळावर सोपवायची गरज पडत नाही. मासे खाणारं घर असेल तर आमसुलाआधी मूठभर सुकट कोरडी भाजून, चोळून, धुऊन घाला. सुकट आपलं मीठ घेऊन येते, तेव्हा भाजीतलं मीठ शेवटी चाखूनच.

तळपायांच्या आगीवर पानं वाटून लावणं जुनं आहे, आणि कातडी धड असेल तर त्याने नुकसान नाही. थंड वाटतं, तेवढंच. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून अर्धा तास थांबा, खाज आली तर सोडून द्या. भेगा किंवा जखम असलेल्या पायाला लावू नका. नऊ वर्षांच्या शुगरमध्ये पायाची आग ही बहुधा नसांची तक्रार असते, आणि तिचं दुसरं कारण मेटफॉर्मिनच्या डबीत असू शकतं. ही गोळी वर्षानुवर्षं घेतली की काहींना बी-१२ जीवनसत्त्व कमी पडतं, त्यानेही पायाला मुंग्या येतात, आग होते. डॉक्टरांना बी-१२ ची रक्ततपासणी मागा. कमी निघालं तर उपाय सोपा आणि स्वस्त आहे. रोज रात्री पाय उजेडात उलटे करून बोटांच्या बेचक्यांतून बघायची सवय लावा. आग होणाऱ्या पायाला पुढे बधिरपणा येतो, मग काटा रुतलेला कळत नाही, आणि परसात, आगरात अनवाणी चालणाऱ्याला काटा रुततोच.

नातवाला पानांचा रस पाजू नका. यात मधला मार्ग नाही. लहान मुलांना कारल्याचा काढा दिल्यावर साखर इतकी उतरली की मूल बेशुद्ध पडलं, अशा नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. चार वर्षांच्या मुलाचं वजन पंधरा-सोळा किलो, त्याला "चमचाभर" म्हणजे मोठ्या माणसाचे चार चमचे. जंतांसाठी अंगणवाडीत आणि शाळेत अल्बेंडाझोलची गोळी फुकट मिळते. राष्ट्रीय जंतनाशक दिन वर्षातून दोनदा, फेब्रुवारी आणि ऑगस्टच्या दहा तारखेला असतो. त्याच्या वयाला ४०० मिलिग्रॅमची एक गोळी, चावून किंवा कुस्करून. तारीख हुकली असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. कावीळ, ताप यांवरही हाच रस सुचवणारे भेटतील. ऐकून घ्या आणि मुलाला दवाखान्यात न्या.

आता वेल. तुमच्या गळणाऱ्या कारल्यांत अळ्या आहेत, म्हणजे फळमाशी. कारल्याच्या पिवळ्या पडण्याची दोन कारणं असतात आणि ती कापूनच कळतात. नखाएवढं असतानाच सुकून गळलं, आत काही नाही, तर परागीभवन झालेलं नाही. बोटभर होऊन एका जागी तपकिरी ठिपका, तिथे डिंकासारखा थेंब, फळ त्या बाजूला वाकलेलं आणि आत पांढऱ्या अळ्या, तर माशी.

आंब्याच्या सापळ्यात मिथाइल युजेनॉल असतं. त्यावर आंब्याची माशी येते. वेलवर्गीय भाज्यांची माशी वेगळी, तिच्या नराला क्यूल्युरचा वास लागतो. तुमच्या सापळ्यात माश्या पडल्याही असतील, पण त्या कारल्याच्या नव्हत्या. डबा तोच ठेवा, आतली गोळी कृषी सेवा केंद्रातून "काकडी-कारल्याची, क्यूल्युर" असं सांगून आणा. तीन वेलांना एक सापळा पुरे. मांडवाच्या उंचीला, पावसाचं पाणी आत जाणार नाही असा टांगा. तरीही सापळा फक्त नर पकडतो, अंडी घालणारी मादी मोकळीच असते. म्हणून फळ झाका.

मादी फूल ओळखायला सोपं: पाकळ्यांखाली इवलंसं कारलं असतं. ते फूल सुकून गेलं आणि कारलं करंगळीच्या दोन पेरांएवढं झालं की त्यावर पिशवी चढवा. उन्हाळ्यात वर्तमानपत्राची दुहेरी नळी चालते. पावसात तिचा लगदा होतो, प्लॅस्टिकमध्ये घाम धरून फळ कुजतं. जुन्या मलमलीच्या धोतराची किंवा साडीची दहा सेंटिमीटर रुंद, तीस लांब अशी पिशवी शिवा आणि देठाशी सैल बांधा. कापड फळाला चिकटता कामा नये, चिकटलं तर माशी कापडावरूनच अंडी टोचते. झाकायला उशीर झाला तर अळ्या पिशवीच्या आतच वाढतात.

गळलेली कारली गडग्यापलीकडे भिरकावू नका, शेणखताच्या खड्ड्यातही नकोत. अळी फळातून निघून मातीत कोष करते आणि तिथून नवी माशी. रोजच्या रोज वेचा, जाड पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर उन्हात ठेवा. ऊन नसेल तर उकळत्या पाण्यात टाका. मांडवाखालची माती खुरप्याने चार बोटं हलवा आणि घरच्या कोंबड्या तिथे सोडा, कोष त्या बरोबर टिपतात. ज्या वेलाची कारली दर तीन दिवसांनी घरात खायची, त्यावर फवारणी नकोच.

फुलं खूप पण कारली थोडी, यात नवल नाही. आधी नर फुलंच येतात, मादी फुलं आठ-दहा दिवस मागून. शिवाय आषाढ-श्रावणात झड लागली की मधमाश्या बाहेर पडत नाहीत. सकाळी आठच्या आत ताजं नर फूल तोडून पाकळ्या मागे वळवा आणि त्यातला परागाचा भाग मादी फुलाच्या मध्याला दोन-तीनदा हलकेच टेकवा. एका नरावर दोन-तीन माद्या होतात. हे नीट झालं की कारलं सरळ वाढतं, अर्धवट झालं की एका अंगाला बारीक आणि वाकडं. युरिया किंवा ताजं शेण पडत असेल तर थांबवा, त्याने पालाच माजतो. न्हाणीचं साबणाचं पाणीही मुळांत नको.

फूल उमलल्यापासून बारा ते पंधरा दिवसांत कारलं काढा. काटे भरलेले, रंग पक्का, आतली बी अजून पांढरी. त्याहून उशीर केला तर पिवळं पडतं, आणि एक फळ वेलावर पिकू दिलं की नव्या मादी फुलांचा जोर ओसरतो. ओढून तोडू नका, कात्रीने कापा.

या वेळचे वेल थकले की कार्तिकात, भात कापून झाल्यावर, वायंगणात (हिवाळी हंगामात) पुन्हा लावा. त्या दिवसांत झड नसते, मधमाश्या असतात आणि पाणी तुमच्या हातात असतं. खड्डा हात-दीड हात खोल. त्यात पाच किलो कुजलेलं शेणखत, पाव किलो करंजाची पेंड आणि दोन मुठी राख, कारण आपली जांभ्याची माती आंबट असते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची "कोकण तारा" ही जात मिळाली तर बघा. बीचं कवच जाड असतं, टोक नखकापणीने किंचित कापून रात्रभर कोमट पाण्यात भिजवा, नाहीतर पंधरा दिवस वाट बघून खड्डा उकराल. एका खड्ड्यात चार बिया, दीड बोट खोल, आणि उगवल्यावर दोनच रोपं ठेवा.

घरचं बी धरायचं तर वेलाच्या मधल्या भागातलं एक निरोगी कारलं नारिंगी होऊन फुटेपर्यंत राखा. राखेत चोळून सावलीत वाळवा. पण ते कारलं नातवाच्या हाताला लागणार नाही इतक्या उंचावर असू द्या. फुटलेल्या कारल्यातला लाल गर गोड लागतो, आणि मूल तो बियांसकट चोखतं.